वाचकांचे प्रश्न : उतारवयातील कुत्रीला पिल्ले होऊ द्यावीत का?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली तीन पत्रे एकाच प्रश्नाची आहेत. कुत्रीचे वय झाले आहे, तिला आता पिल्ले होऊ द्यावीत की नाही? पहिले पत्र शहरातील घरातले आहे, दुसरे धनगरवाड्यावरचे आणि तिसरे एका अनपेक्षित प्रसंगातून आलेले आहे. तिन्ही ठिकाणी उत्तर वेगळे असल्यामुळे ती एकत्र घेत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या घरी राणी नावाची लॅब्रेडॉर कुत्री आहे. येत्या श्रावणात ती साडेसहा वर्षांची होईल. तिला आजवर कधीही नराकडे नेलेले नाही. दर सात महिन्यांनी ती माजावर येते, तेव्हा तीन आठवडे आम्ही तिला जपतो, एवढेच. मात्र गेल्या दोन्ही खेपांना माज संपल्यावर साधारण दोन महिन्यांनी तिच्या आचळांत दूध आले आणि मुलीचे मोजे गोळा करून, त्यांना कुशीत घेऊन ती पलंगाखाली बसून राहिली. ते पाहून सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. बिचारीला आईपण मिळाले नाही, असे त्या म्हणतात. माझी धाकटी मुलगी पुढच्या वर्षी शिक्षणासाठी जर्मनीला जाणार आहे आणि राणीचे एक पिल्लू घरात राहावे, अशी तिची फार इच्छा आहे. ज्यांच्याकडून आम्ही राणीला आणले ते सांगतात, की मादीला आयुष्यात एकदा तरी पिल्ले झालीच पाहिजेत, नाहीतर पुढे गर्भाशयाचे व स्तनाचे रोग होतात. त्यांच्याकडे नरही आहे. राणीचे वजन ३८ किलो असून ती सुदृढ आहे. आम्ही काय करावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्या पत्रातील माया मला समजते, म्हणूनच आडवळण न घेता सांगतो. राणीला या वयात पहिल्यांदा पिल्ले होऊ देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत केवळ तिच्या वयावरून बनलेले नाही. पूर्वी दोन-तीनदा सुखरूप व्यालेली साडेसहा वर्षांची कुत्री आणि एकदाही न व्यालेली त्याच वयाची कुत्री, या दोघींच्या शरीरांची स्थिती सारखी नसते, आणि राणी दुसऱ्या गटात येते.

प्रथम त्या सल्ल्याविषयी लिहितो, कारण तो ऐकून कित्येक कुटुंबे आपण कुत्रीवर अन्याय केला असे मानून बसतात. एक वेत झाले की पुढचे रोग टळतात, या समजुतीला भक्कम आधार नाही. गर्भाशयात पू साठण्याचा जो रोग आहे, ज्याला आम्ही पायोमेट्रा म्हणतो, तो काही जातींत व्यालेल्या माद्यांमध्ये थोडा कमी आढळतो हे खरे आहे; परंतु त्या थोड्या फरकासाठी गरोदरपणाचा धोका पत्करावा, इतका तो फरक मोठा नाही. स्तनाच्या गाठींच्या बाबतीत तर एका वेताने संरक्षण मिळते असे म्हणताच येत नाही. स्वीडनमध्ये कुत्र्यांचा विमा उतरवण्याची पद्धत जुनी आहे आणि तेथे निर्बीजीकरण सरसकट केले जात नसे, त्यामुळे या रोगाच्या मोठ्या नोंदी तेथे मिळतात. त्यांवरून असे दिसते, की मादीच्या दहाव्या वर्षापर्यंत सरासरी सुमारे एकचतुर्थांश माद्यांना पायोमेट्रा झालेला असतो. या रोगावरचा खरा प्रतिबंध म्हणजे गर्भाशय व अंडाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया होय. पिल्ले होऊ देणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

आता वयाचा मुद्दा. ज्यांच्या घरी गाई-म्हशी आहेत त्यांना हा फरक चटकन कळेल. गाय माजावर आली आणि गाभण राहिली नाही, तर तिचे शरीर ते ओळखते आणि साधारण एकवीस दिवसांनी ती पुन्हा माजावर येते. कुत्रीच्या शरीराला ही ओळख नसते. तिचा नराशी संबंध आला असो वा नसो, माजानंतर सुमारे दोन महिने तिच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन हे गर्भ धरून ठेवणारे संप्रेरक भरपूर प्रमाणात राहते, गर्भाशयाचे अस्तर जाड होते, त्यातील ग्रंथी फुगतात, आणि जे गर्भ आलेलेच नाहीत त्यांच्यासाठी सगळी तयारी होते. राणीच्या बाबतीत अशी तयारी आजवर दहा-अकरा वेळा झाली आहे. दर खेपेला अस्तर पूर्ववत होतेच असे नाही. वर्षे जातात तसे त्यात बारीक बारीक पाणफोड राहून जातात आणि गर्भाला रुजण्यासाठी जी निरोगी जागा लागते ती कमी होत जाते. कुत्रीला माणसासारखी रजोनिवृत्ती नसल्यामुळे माज मात्र येतच राहतो, आणि माज येतो म्हणजे अजून सर्व ठीक आहे, असा घरच्यांचा समज होतो.

अशा गर्भाशयात गर्भ रुजला तरी बहुधा संख्येने थोडा रुजतो. लॅब्रेडॉरला एरवी सात-आठ पिल्ले सहज होतात. उशिरा पहिल्यांदा गाभण राहिलेल्या मादीला दोन किंवा एकच राहण्याची शक्यता वाढते. ऐकणाऱ्याला वाटते, की बरेच झाले, एकच पिल्लू हवे होते. प्रत्यक्षात याच ठिकाणी मोठा धोका असतो. कळा सुरू होण्याचा संदेश पिल्लांकडून येतो. दिवस भरले की पिल्लांच्या शरीरातून जी संप्रेरके सुटतात, त्यांच्या एकत्रित प्रभावाने आईचे प्रोजेस्टेरॉन उतरते आणि प्रसूती सुरू होते. एकट्या पिल्लाचा तो संदेश कित्येकदा अपुरा पडतो. शिवाय सगळी जागा आणि सगळे पोषण त्यालाच मिळाल्यामुळे ते मोठे होते. कळा येत नाहीत, आल्या तरी वय झालेल्या स्नायूंचे बळ पुरत नाही, दिवस उलटून जातात आणि वार निकामी होऊ लागते. तेव्हा सिझेरियनशिवाय मार्ग राहत नाही, आणि ते वेळेवर झाले नाही तर पिल्लू जाते, कधी आईही जाते.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी अशाच एका घराला होकार दिला होता. कुत्री सात वर्षांची होती, लॅब्रेडॉरच होती आणि पहिलेच वेत होते. मालकांनी नराकडे नेल्याची तारीख सांगितली, तीवरून मी दिवस मोजले आणि थांबण्याचा सल्ला दिला. बीज नेमके केव्हा सुटले, याची रक्ततपासणी मी केलेली नव्हती. पोट उघडले तेव्हा एकच मोठे पिल्लू होते आणि ते गेलेले होते. कुत्री वाचली, पण पुढे तीन आठवडे ती पलंगाखाली रिकाम्या अंथरुणावर बसत असे. आपल्या पत्रातील मोज्यांचा उल्लेख वाचला तेव्हा मला तीच आठवली.

त्या मोज्यांविषयी सासूबाईंना माझ्या वतीने अवश्य सांगा. राणीला जे होते त्याला खोटी गरोदरावस्था म्हणतात आणि ती निर्बीजीकरण न झालेल्या असंख्य माद्यांमध्ये दिसते. माजानंतर दोन महिन्यांनी प्रोजेस्टेरॉन उतरू लागते, प्रोलॅक्टिन हे दुधाचे संप्रेरक वाढते, आणि शरीर व्यायल्यासारखे वागू लागते. रानटी कुत्र्यांच्या कळपात एकीची पिल्ले दुसऱ्या मादीनेही सांभाळावीत, यासाठी ही रचना उपयोगी पडत असावी, असे मानले जाते. राणीच्या मनात न मिळालेल्या पिल्लांची खंत वर्षभर साठून राहिली आहे, असे त्यावरून ठरत नाही. दोन-तीन आठवड्यांत संप्रेरके शांत झाली, की मोजे पुन्हा तिच्यासाठी मोजेच होतात. त्या दिवसांत तिचे आचळ चोळू नयेत, दूध काढून पाहू नये, कारण त्यामुळे दूध अधिक येते. मोजे हळूच उचलून ठेवावेत आणि तिला जास्त फिरवावे. आचळ गरम व कडक झाले तर डॉक्टरांना दाखवावे.

वजनाविषयीही थोडे लिहितो. लॅब्रेडॉर मादीचे वजन साधारणपणे पंचवीस ते बत्तीस किलो असावे. अडतीस किलो ही सुदृढता नसून सहा ते आठ किलोंची चरबी आहे. चरबी वाढलेल्या कुत्रीला गर्भ राहणे, व्यायणे आणि भूल सहन करणे ही तिन्ही कामे जड जातात. पिल्लांचा विचार सोडला तरी हे वजन तिच्या मागच्या पायांच्या सांध्यांसाठी उतरवायलाच हवे, कारण या जातीत खुब्याच्या सांध्याचा दोष पिढीजात चालतो.

मुलीच्या इच्छेबद्दल लिहिताना मला संकोच वाटतो, कारण ती इच्छा सुंदर आहे. पण पिल्लात राणीचा वाटा निम्मा असतो आणि उरलेला निम्मा त्या नराचा असतो, ज्याच्या सांध्यांचे एक्स-रे व डोळ्यांची तपासणी आपण पाहिलेली नाही. मुलगी परदेशी गेल्यावर, आईला दूध कमी पडले तर दर दोन तासांनी रात्रभर बाटली धरण्याचे काम आपल्यावर येईल. उरलेल्या पिल्लांना चांगली घरे शोधावी लागतील, आणि ती विकायची असतील तर २०१७च्या कुत्र्यांच्या प्रजनन व विक्रीविषयक केंद्रीय नियमांप्रमाणे राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. हेच नियम आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकू देत नाहीत. आपल्याला नर देऊ करणाऱ्या गृहस्थांची नोंदणी आहे का, हे अवश्य विचारा.

इतके वाचूनही घरातील सर्वांचा आग्रह कायम राहिला, तर निदान पुढील गोष्टींशिवाय नराकडे नेऊ नका. गर्भाशय व अंडाशयांची सोनोग्राफी करावी, आणि अस्तर जाड किंवा पाणफोडांनी भरलेले दिसले तर विचार तेथेच थांबवावा. रक्तातील पेशी, यकृत, मूत्रपिंड व थायरॉइड यांची तपासणी, हृदयाची तपासणी, खुब्यांचा एक्स-रे आणि ब्रुसेलोसिस या गर्भपात घडवणाऱ्या रोगाची चाचणी राणी व नर दोघांचीही करावी. आपल्याकडे गोचीड तापाची सुप्त लागण फार असते आणि त्यात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी झालेल्या असतात. सिझेरियनच्या टेबलावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. माजात प्रोजेस्टेरॉनची तपासणी दोन-तीन दिवसांआड करून बीज सुटण्याचा दिवस निश्चित करावा, कारण त्यानंतर त्रेसष्टाव्या दिवसाच्या आगेमागे एक-दोन दिवसांत प्रसूती व्हायला हवी. नराकडे नेल्याच्या तारखेवरून मात्र हा हिशेब सत्तावन्न ते बहात्तर दिवसांपर्यंत कुठेही जाऊ शकतो. चौथ्या आठवड्यात सोनोग्राफी, पंचावन्न दिवसांनंतर पिल्ले मोजण्यासाठी एक्स-रे, आणि रात्री दोन वाजता दार उघडणारा शल्यचिकित्सक आधीच ठरलेला असावा. यांपैकी एखादी गोष्ट जमण्यासारखी नसेल, तर पिल्ले जमण्यासारखी नाहीत, असे समजावे.

आपण मला विचारलेत म्हणून मी सुचवतो ते असे. पुढचा माज संपल्यावर अडीच-तीन महिन्यांनी, खोट्या गरोदरावस्थेचा काळ उलटल्यावर, तिचे निर्बीजीकरण करून घ्यावे, आणि त्याआधी पाच-सहा किलो वजन उतरवावे. मुलगी जाण्यापूर्वी घरात लहान पिल्लू आणायचेच असेल, तर आपल्या शहरातील एखाद्या आश्रयगृहातून आणावे आणि राणीच्या हाताखाली वाढू द्यावे. अंथरुणात घाण न करणे, हाक मारल्यावर येणे, पाहुण्यांशी नीट वागणे या गोष्टी पिल्लू मोठ्या कुत्रीकडून शिकते, आणि राणीकडून घराला जे मिळाले आहे, त्यातील पुष्कळसे त्या वाटेने पुढे जाऊ शकते.

प्रश्न : आमच्याकडे तीन पिढ्यांपासून कारवानी जातीची शिकारी कुत्री आहेत. हरिणी ही आमची कुत्री आता सात वर्षांची आहे. तिची तीन वेते झाली. पहिल्यात सात पिल्ले, दुसऱ्यात सहा आणि दीड वर्षापूर्वीच्या तिसऱ्यात चार झाली, त्यातले एक मेलेले निघाले. तिन्ही वेळा ती आपली आपण व्याली, कोणाचा हात लागला नाही. तिच्यासारखी पळणारी आणि राखणीला खरी कुत्री या भागात आता राहिली नाही, सगळीकडे भेसळ झाली आहे. म्हणून रक्त शुद्ध राहावे यासाठी तिचे आणखी एक वेत तिच्याच पहिल्या वेतातल्या नरापासून घ्यावे, असा विचार आहे. तो नर आमच्याकडेच आहे. त्याची एक बहीण मंगळवेढ्याला पाहुण्यांकडे आहे. आपले मत कळवावे. (एक मेंढपाळ, जत तालुका)

उत्तर : आपले पत्र वाचून आनंद झाला, कारण वेतांचा असा हिशेब ठेवणारे फार थोडे आहेत आणि निम्मे उत्तर त्या हिशेबातच आहे. सात, सहा, चार आणि त्यातील एक मृत. हरिणीचे शरीर आपल्याला आपल्या परीने सांगत आले आहे. चौथ्या वेतात दोन-तीन पिल्ले राहतील आणि त्यांतील किती जगतील याची खात्री नसेल, असे मला त्यावरून वाटते.

तरीही पहिल्या पत्राला दिले तसे सरळ नकाराचे उत्तर मी आपल्याला देणार नाही. हरिणी सडपातळ आहे, पळती आहे, तीनदा बिनमदतीची व्याली आहे. तिच्या कटिभागातून पिल्लू सुखरूप बाहेर येते, हे सिद्ध झालेले आहे. दुसरे असे, की वंश सुधारण्याच्या दृष्टीने वय झालेल्या मादीला एक खास मोल असते. दोन वर्षांच्या कुत्रीत उद्या कोणता पिढीजात दोष उगवेल हे कोणीच सांगू शकत नाही; सात वर्षांपर्यंत डोळे, हृदय, सांधे आणि स्वभाव टिकवून दाखवलेली कुत्री मात्र परीक्षा दिलेली असते. आपल्या मनात हेच असावे आणि ते चुकीचे नाही. सोलापूर, लातूर, सांगली या पट्ट्यातील कारवानी आणि सीमेपलीकडच्या मुधोळची कुत्री ही आपल्या कोरड्या माळरानाने घडवलेली दौलत आहे. मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीसाठी संशोधन केंद्र आहे आणि २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची जी तिकिटे काढली, त्यांत मुधोळचाही समावेश होता. हे रक्त टिकावे, ही आपली तळमळ माझीही आहे.

म्हणूनच मुलापासून वेत घेण्याचा विचार मनातून पूर्ण काढून टाकावा, अशी हात जोडून विनंती करतो. आई आणि मुलगा यांच्या पिल्लांत तीनचतुर्थांश रक्त आईचेच येते. प्रत्येक पिल्लात सरासरी चौथा हिस्सा जनुकांच्या दोन्ही प्रती एकाच ठिकाणाहून आलेल्या निघण्याची शक्यता असते. हरिणीत एखादा दोष झाकलेला असेल, तर तो अशा पिल्लांत उघडा पडतो. त्याआधीही फळ कमी धरते, पिल्ले अशक्त निघतात, रोगाला लवकर बळी पडतात. मेंढ्यांच्या कळपात तोच मेंढा पोरींवर फिरू लागला, की कोकरे कशी खुरटतात, हे आपण माझ्यापेक्षा अधिक पाहिले असेल. मेंढा बदलण्याची जी रीत आपल्या वाडवडिलांनी घालून दिली ती कुत्र्यालाही लागू आहे. शुद्ध रक्त म्हणजे एकाच घराचे रक्त, असे मानल्याने कित्येक चांगल्या जाती आतून पोखरल्या गेल्या आहेत.

माझा सल्ला असा आहे, की मंगळवेढ्याची कुत्री हरिणीच्या वारशासाठी पुढे करावी. ती पहिल्या वेतातली असल्याने तिचे वय साधारण साडेचार वर्षांचे असावे, म्हणजे ती अगदी योग्य वयाच्या शेवटाकडे आहे आणि तिचे पहिले वेत झाले नसेल, तर आता उशीर करू नये. पाच वर्षांच्या पुढे पहिलटकरणीचा धोका वाढत जातो. तिच्यासाठी नर लांबच्या गावातला, वेगळ्या घराण्यातला, आणि शक्यतो पाच-सहा वर्षे निरोगी राहून दाखवलेला शोधावा. नर-मादी दोघांची ब्रुसेलोसिसची तपासणी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून रक्त पाठवून करता येईल. हा रोग माणसालाही होतो आणि त्यात पिल्ले दिवस भरण्यापूर्वी पडतात, म्हणून हरिणीच्या मेलेल्या पिल्लाच्या कारणासाठीही तिची तपासणी करून घ्यावी.

ती मुलगी काही कारणाने योग्य ठरली नाही, तरच हरिणीचा विचार करावा, आणि तोही येत्या माजातच करावा. सोनोग्राफीत गर्भाशय स्वच्छ असावे, रक्त तपासलेले असावे, आणि नर बाहेरचा असावा. आठ वर्षे हा उंबरठा कोणत्याही परिस्थितीत ओलांडू नये. जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबमध्ये मादीला व्यायच्या दिवशी आठ वर्षे पूर्ण झालेली असतील तर पिल्लांची नोंदणी सहसा होत नाही, चार वेतांनंतरची पिल्लेही नोंदवली जात नाहीत. आपल्याकडील २०१७च्या नियमांत आयुष्यभरात पाच वेतांची मर्यादा आहे. माझ्या मते कष्टाची राखण करणाऱ्या कुत्रीसाठी चार हीच पुष्कळ झाली.

एक गोष्ट आपण पशुवैद्यांना आवर्जून सांगावी. शिकारी, सडपातळ बांध्याच्या कुत्र्यांच्या अंगात चरबी फार थोडी असते आणि थायोपेंटोनसारखी भूल त्यांच्या शरीरातून हळू उतरते, त्यामुळे ती इतर कुत्र्यांपेक्षा उशिरा शुद्धीवर येतात. हरिणीवर कधी शस्त्रक्रियेची वेळ आली, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ती कारवानी आहे हे आधी कळले पाहिजे. आणि व्यायच्या दिवसांत मेंढ्यांमागे वाड्यावर असाल, तर थर्मामीटर जवळ ठेवा. एरवी १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असणारे तापमान ९९च्या खाली गेले, की साधारण एका दिवसात कुत्री व्यायला हवी. जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिल्लू आले नाही, किंवा पहिले पिल्लू येण्यापूर्वीच हिरवट काळा स्राव दिसला, तर वाट न पाहता गाडी करावी.

प्रश्न : आमची पोमेरेनियन चिंगी नऊ वर्षांची आहे. तीन दिवसांपूर्वी फाटक उघडे राहिले आणि गल्लीतला कुत्रा तिच्याशी लागला. ती पूर्वी कधी व्यालेली नाही. शेजारी म्हणतात, की आता देवाने दिले आहे तर होऊ द्या. दुसरे कोणी सांगितले, की एक इंजेक्शन घेतले की सगळे संपते. ती अधूनमधून खोकते, ते वयामुळे असावे. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : मासिक आपल्या हाती पडेपर्यंत वेळ निघून गेली असती, म्हणून पत्र मिळाले त्याच दिवशी आपल्याला दूरध्वनीवरून कळवले होते. इतर वाचकांसाठी तेच येथे देत आहे.

नऊ वर्षांच्या, कधी न व्यालेल्या, लहान चणीच्या कुत्रीला पिल्ले होऊ देणे तिच्या जिवावर बेतू शकते. तिचा खोकला वयाचा आहे असे समजू नका. या आकाराच्या कुत्र्यांत या वयात हृदयाच्या डाव्या बाजूची झडप जाड होऊन गळू लागण्याचा रोग फार आढळतो. गरोदरपणात रक्ताचे प्रमाण वाढते आणि तेवढे ओझे अशा हृदयाला पेलत नाही. शिवाय लहान जातीच्या माद्यांमध्ये व्यायल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत दुधामुळे रक्तातील कॅल्शियम एकाएकी उतरून झटके येतात.

त्या एका इंजेक्शनपासून मात्र दूर राहा. पूर्वी अशा वेळी इस्ट्रोजेनचे इंजेक्शन सर्रास दिले जाई. त्याने अस्थिमज्जेतील रक्तपेशी तयार होणे थांबू शकते आणि ज्या गर्भाशयाला आधीच वयाने गाठले आहे त्यात पू होण्याचा धोका पुष्कळ वाढतो. योग्य मार्ग असा, की आधी छातीचा एक्स-रे व हृदयाची सोनोग्राफी करून आवश्यक ते औषध सुरू करावे. माज पूर्ण उतरू द्यावा, कारण माजात गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात आणि शस्त्रक्रियेत रक्तस्राव अधिक होतो. त्यानंतर तीन-चार आठवड्यांच्या सुमारास, हृदय भूल सहन करील अशी खात्री झाल्यावर, गर्भाशय व अंडाशये काढून टाकावीत. गर्भ राहिला असेल तर तो त्यातच जाईल, आणि पायोमेट्राची टांगती तलवारही उरणार नाही. तोपर्यंत तिला तहान एकदम वाढली, खाणे सुटले, किंवा मागून पू दिसला तर दिवसही थांबू नये.

रेबीजच्या लसीचे वर्ष उलटून गेले असेल तर ती लगेच देऊन घ्यावी, आणि अंगावर ओरखडे किंवा चाव्याच्या खुणा आहेत का ते केस बाजूला करून पाहावे. पुढचे सहा महिने तिच्या योनीमार्गातून रक्ताचे थेंब पडतात का, याकडे लक्ष ठेवावे. गल्लीतील कुत्र्यांत संबंधातून पसरणारी एक गाठ असते आणि ती दिसायला दोन ते सहा महिने लागतात. ती ओळखली गेली, तर आठवड्याला एक याप्रमाणे व्हिन्क्रिस्टीनच्या चार ते सहा इंजेक्शनांनी बहुतेक कुत्र्या पूर्ण बऱ्या होतात. प्रत्येक इंजेक्शनच्या आधी रक्तातील पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्या लागतात.